दप्तर आपलं, चावी त्यांची

पतसंस्थेत व्यवस्थापकाच्या खुर्चीमागे एक लोखंडी कपाट असायचंच. वरच्या खणात कीर्द, खाली खतावण्या: ठेवींची वेगळी, कर्जांची वेगळी, पिग्मीची वेगळी. लाल कापडी बांधणी आणि अंगठा लागून लागून काळपटलेले पानांचे कोपरे. दिवाळीत नव्या वह्यांवर हळदकुंकू पडायचं. वही विकणारा मात्र वही विकून मोकळा झालेला असायचा. पुढे तिच्यात काय लिहिलं, कुणी वाचलं, याच्याशी त्याचा काडीचा संबंध नसे. जुना कारकून सोडून गेला तरी नवा माणूस दुसऱ्या दिवशी खतावणी उघडून बसायचा, कारण जमा-नावे लिहायची रीत सगळीकडे एकच होती.

संगणक आला तेव्हाही ही रीत लगेच मोडली नाही. डीबेस थ्री १९८४चं, मग फॉक्सप्रो आलं. १९९२ साली मायक्रोसॉफ्टने फॉक्सची कंपनीच विकत घेतली. पुण्या-कोल्हापुरातली पोरं या भाषांत पतसंस्थांचे प्रोग्रॅम लिहायची आणि माहिती साठायची डीबीएफ फाइलमध्ये. ही फाइल मोठी मोकळ्या मनाची. आपल्यात किती नोंदी आहेत, रकान्यांची नावं काय, कुठला रकाना किती अक्षरांचा, त्यात आकडा आहे की तारीख, हे सगळं ती सुरुवातीलाच लिहून ठेवते. एका प्रणालीतला हिशेब दुसरीत नेऊन देणं हे माझं काम. तेव्हा ते फ्लॉपीवर चालायचं. पडद्यावर नुसतं एक टिंब दिसे. त्यापुढे ‘यूज’ आणि फाइलचं नाव, मग ‘ब्राउज’ लिहिलं की सगळे सभासद ओळीने हजर! पुसलेली नोंदसुद्धा लगेच नाहीशी होत नसे. तिच्यापुढे एक फुली पडे, आणि ‘पॅक’ म्हणेपर्यंत ती ‘रिकॉल’ करून परत आणता येई. प्रोग्रॅम लिहिणारा गाव सोडून गेला म्हणून संस्थेचं अडलं, असं त्या काळात क्वचितच व्हायचं.

अर्थात सगळं गोडगोड नव्हतं. कृष्णा-पंचगंगेचं पाणी तळमजल्यात शिरलं की त्या लाल वह्यांचा लगदा व्हायचा; पुरातून वाचलेल्यांना वाळवी होतीच. डीबीएफचा मोकळेपणाही दुधारी. टिंबापुढे ‘रिप्लेस’ लिहून कुणीही कुणाची बाकी बदलावी आणि मागे माग राहू नये. कीर्दीत खाडाखोड केली तर निदान आडवी रेघ मारून सही तरी करावी लागे. लेखापरीक्षक कुरकुरायचे, ते काही उगाच नव्हे. कुलपाची गरज खरीच होती.

पहिली कुलपं लुटुपुटीची निघाली. ॲक्सेस ९७च्या फाइलला पासवर्ड लावता येई, पण तो त्याच फाइलच्या सुरुवातीला, एका ठरावीक किल्लीने झाकून ठेवलेला असे. दाराला कुलूप आणि चावी तुळशीच्या कुंडीखाली, असला तो प्रकार. मग एसक्यूएल सर्व्हर आला आणि कुलूप खरोखरीचं झालं. कुणी काय बदललं याची नोंद ठेवता येऊ लागली, एकाच वेळी पाच खिडक्यांवर काम होऊ लागलं. हे सगळं चांगलंच झालं. फक्त ‘एसए’ नावाच्या मुख्य खात्याचा पासवर्ड सॉफ्टवेअर देणाऱ्याने स्वतःकडे ठेवला आणि तो कुणी मागितलाही नाही. मशीन संस्थेचं, वीज संस्थेची, नोंदी सभासदांच्या, चावी तिसऱ्याकडे.

मग एखादी संस्था पुरवठादार बदलायला निघाली की उत्तर ठरलेलं असे: ‘डेटा आमच्या फॉरमॅटमध्ये आहे.’ काढून द्यायचं शुल्क ऐकून चेअरमन पाणी मागायचे. अशी कामं माझ्याकडे आली की आधी संचालक मंडळाचा ठराव आणि सचिवाचं पत्र हातात घ्यायचो. सर्व्हर संस्थेचाच असल्याने विंडोजचे हक्क त्यांच्याकडे असत. एसक्यूएल सर्व्हरची सेवा थांबवून ती एकट्या वापरकर्त्यापुरती सुरू केली की मशीनच्या ॲडमिनिस्ट्रेटरला आत जाता येतं. ही वाट मायक्रोसॉफ्टनेच लिहून ठेवली आहे, त्यात चोरी काही नाही. पुढचं सगळं मूळ बाजूला ठेवून नकलेवर.

पण दार उघडलं म्हणजे माहिती हाती आली, असं नसे. आत टेबलांची नावं टी-झीरो-वन-फोर छापाची, रकाने एफ-वन, एफ-टू. मग एखाद्या सभासदाचं पासबुक मागवायचं, त्यातली एक विचित्र रक्कम निवडायची आणि ती कुठल्या टेबलात सापडते ते शोधत बसायचं. कुठे रुपयांऐवजी पैसे साठवलेले, कुठे तारीख म्हणजे नुसता आकडा. नावांची आणखी तऱ्हा. युनिकोडच्या आधी मराठी नावं फाँटच्या सांकेतिक अक्षरांत साठत, त्यामुळे उघडल्यावर रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसे. ‘शिंदे’तली वेलांटी त्यात ‘श’च्या आधी, युनिकोडमध्ये ती नंतर हवी. ‘कुलकर्णी’तला रफार फाँटमध्ये ‘ण’नंतर, युनिकोडमध्ये ‘ण’च्या आधी. एकेक अक्षर जुळवत शेवटी तेरीज काढायची आणि जुन्या छापील तेरजेशी ताडून बघायची. पैसा न् पैसा जुळला की व्यवस्थापकाच्या चेहऱ्यावरचा ताण जायचा आणि चहा यायचा.

आज तीही सोय गेली. सर्व्हर कार्यालयात नाही, कुठल्या तरी क्लाउडवर आहे. उघडायला मशीनच नाही! पडद्यावर अहवाल दिसतो, पीडीएफ निघते, फार तर एकेक पान एक्सेलमध्ये उतरतं. पुराची भीती मिटली, बॅकअपची कटकट संपली, हे मान्यच. पण वर्गणी थकली किंवा भांडण झालं की लॉगिन बंद, आणि दप्तर पलीकडच्या तीरावर.

इतरांनी या धोक्याचा विचार केलेला दिसतो. युरोपात २०१८पासून माणसाला आपली माहिती यंत्राला वाचता येईल अशा रूपात मागता येते. रिझर्व्ह बँकेच्या २०२३च्या आउटसोर्सिंग निर्देशांत बाहेर पडण्याची योजना आखायला सांगितलं आहे. कंपन्यांना हिशेबाच्या पुस्तकांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवावा लागतो. पतसंस्था मात्र कंपनी नव्हे आणि बँकही नव्हे. ती येते सहकार खात्याखाली. आपल्या २०१९च्या वैयक्तिक माहिती संरक्षण विधेयकात माहिती सोबत नेण्याचा हक्क होता, २०२३चा कायदा झाला त्यात तो उरला नाही. तेव्हा करारात जे लिहून घ्याल तेवढंच तुमचं.

लाल वह्यांकडे परत जा, असं मी म्हणत नाही. वाळवीशी लढायची हौस कुणाला आहे? पण वहीविक्रेत्याला जी गोष्ट कधी शिकवावी लागली नाही, ती आता कागदावर मागून घ्यावी लागते. दर मार्चअखेर सगळी टेबलं साध्या सीएसव्हीत, रकान्यांच्या अर्थासह, संस्थेच्या ताब्यात. मुख्य पासवर्ड सीलबंद पाकिटात, सचिवाच्या तिजोरीत. करार संपल्यावर किती दिवसांत आणि किती खर्चात माहिती मिळेल, तो आकडा सहीच्या आधी. सॉफ्टवेअरचं दरपत्रक सभेपुढे येतं तेव्हा सभासद फक्त किंमत विचारतात. हे तीन प्रश्नही त्याच सभेत विचारावेत आणि उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्यावीत.