पुसलं जाणारं निळं

यूझेन पद्धतीने रेशीम रंगवताना क्योतोचे कारागीर आधी निळ्या रेघांनी नक्षी काढून घेतात. हे निळं येतं आओबाना नावाच्या फुलातून. आपल्या केन्याच्या कुळातलं हे फूल पहाटे उमलतं आणि दुपारपर्यंत मिटतं. शिगा प्रांतातल्या कुसात्सूत ऐन जुलैत सकाळीच फुलं खुडायची, पाकळ्या वेगळ्या करून पिळायच्या, रस हातकागदावर लावायचा, वाळवायचा, पुन्हा लावायचा. कागद जड, जवळजवळ काळा होईपर्यंत. त्याचा तुकडा पाण्यात टाकला की रंग तयार. त्याला मोल आहे ते एकाच गुणामुळे: कापड धुतलं की तो मागमूस न ठेवता निघून जातो. असा कागद करणारी घरं आता मोजकीच उरली आहेत. रसायनातलं निळं दुकानात मिळतं, म्हणून ओरडही होत नाही.

जपानी रेशमाच्या कामातल्या अशाच आणखी काही गोष्टी. मागाची बांबूच्या पात्यांची फणी. तिची जागा धातूच्या फणीने घेतली.

त्सुझुरे नावाचं नक्षीदार कापड विणणाऱ्याची नखं. कानशीने घासून त्यांना करवतीचे दाते पाडतात आणि त्या दात्यांनी बाणा ओढून बसवतात. पैठणीसारखाच इथेही प्रत्येक रंगाचा धागा आपल्या नक्षीपुरताच फिरतो.

सुझुका शहरातले कागदी छापे. त्यांतून खळ लावून रेशमावर नक्षी उठवतात. बारीक उभ्या पट्ट्या कापल्या की कागद डुलतो, म्हणून त्याचे पापुद्रे सोडवून मधे रेशमाचे धागे बसवायचे आणि पापुद्रे पुन्हा तंतोतंत जुळवायचे. केसभर चुकलं तर छापा वाया. हे काम येणारे हात मी सगळ्यात आधी नोंदवून ठेवले असते. हल्ली जाळी चिकटवतात.

कोइशिमारू हा रेशमाचा किडा. कंबर असलेला, शेंगेसारखा छोटा कोष आणि फार तलम धागा. पण उत्पन्न कमी, म्हणून शेतकऱ्यांनी सोडला. सम्राटाच्या राजवाड्यात रेशमाचे किडे पाळतात, तिथेही तो बंद होणार होता. सम्राज्ञी मिचिको यांनी ठेवायला लावला. पुढे नाराच्या शोसोइन भांडारातली आठव्या शतकातली वस्त्रं पुन्हा विणायची ठरली, तेव्हा जुन्या धाग्याच्या जवळ जाणारं रेशीम याच किड्याने दिलं.

आणि किमोनो उसवून धुणं. सुमारे १२ मीटर लांब, हातभराहून कमी रुंद थान सरळ रेषेतच कापलेलं असतं. उसवून तुकडे टोकाला टोक शिवले की पुन्हा अख्खं थान होतं. ते धुवायचं, खळ द्यायची, आणि टोकदार बांबूच्या शेकडो काड्या आडव्या अडकवून दोन खांबांमधे ताणून वाळवायचं.