९ एप्रिल १९४५ : एका खोडलेल्या शिफारशीची गोष्ट

या मालिकेत आजवर मी किल्ले, तह आणि ताम्रपट यांविषयी लिहीत आले. आज आमच्या घरातील एका पत्र्याच्या पेटीविषयी लिहिते आहे.

सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडील दुष्काळी पट्ट्यात आमचे गाव आहे. माझे पणजोबा पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये नाईक होते. मी त्यांना पाहिलेले नाही. पाहिले ते त्यांचे पदक. एका बाजूस राजाचे मस्तक, दुसऱ्या बाजूस पानांच्या वेढ्यात कोरलेली इंग्रजी अक्षरे, आणि विरून गेलेली फीत. हे इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल, म्हणजे १९०७ साली हिंदी सैनिकांसाठी सुरू झालेले शौर्यपदक. घरात मात्र या पदकाचा उल्लेख नेहमी एका खंतीसह होई. साहेबाने व्हिक्टोरिया क्रॉससाठी नाव घातले होते, पण त्या दिवशी दोन क्रॉस आधीच दिले गेले, मग तिसरा कोण देणार?

माझे आजोबा आता ऐंशीच्या पुढे आहेत. मी इतिहासात एम. ए. करण्यासाठी प्रवेश घेतला तेव्हा त्यांनी एकच काम सांगितले. "पोरी, तू शिकलीस. आता आमच्या आबांचा अर्ज तेवढा कर." यापूर्वी चुलत आजोबांनी एका कार्यालयाकडे दोनदा पत्रे पाठवली होती. उत्तर आले नव्हते.

दंतकथा तपासायची तर प्रथम तिचा खरा भाग वेगळा काढावा लागतो. 'त्या दिवशी दोन' हे अक्षरशः खरे आहे. ९ एप्रिल १९४५, सोमवार. उत्तर इटलीत आठव्या आर्मीचा शेवटचा हल्ला त्या दिवशी सुरू झाला. आठव्या हिंदी डिव्हिजनसमोर सेनिओ नदी होती. नदी अरुंद, पण दोन्ही काठांवर उंच पूरबांध, आणि त्या बांधांच्या पोटात जर्मनांनी खोदलेल्या मशीनगनच्या चौक्या. दुपारी विमानांनी बाँबवर्षाव केला, संध्याकाळी पायदळ पाण्यात उतरले. पहिल्या मराठा बटालियनचे शिपाई नामदेव जाधव हे कंपनीचे निरोप्या होते. त्यांनी आपल्या जखमी कंपनी कमांडरला आणि दुसऱ्या एका जखमी सैनिकाला दोन खेपांत खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे आणले. मग ते एकटे परत गेले आणि तीन मशीनगन बंद पाडल्या. हाताला गोळी लागल्याने टॉमीगन चालवता येईना, तेव्हा हातबाँब वापरले. शेवटी बांधावर चढून मराठ्यांची युद्धगर्जना केली आणि मागच्या तुकड्यांना पुढे बोलावले. त्याच दिवशी त्याच नदीवर, तेराव्या फ्रंटियर फोर्स रायफल्सचे शिपाई अली हैदर यांनीही व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील निमजचे जाधव १९८४ पर्यंत जगले. पणजोबांची बटालियन तीच, रात्रही तीच.

आता उरलेला भाग. दुसऱ्या महायुद्धातील शौर्यपदकांच्या शिफारशी लंडनजवळच्या क्यू येथील नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये 'डब्ल्यूओ ३७३' या मालिकेत जपलेल्या आहेत आणि त्यांचे अंकीकरण झाले आहे. तुमच्यापैकी कोणाच्या घरी असे पदक असेल, तर तिथूनच सुरुवात करावी. नाव, क्रमांक आणि बटालियन एवढे पुरते. मी शिष्यवृत्तीच्या पैशांतून प्रत मागवली. छापील नमुना डब्ल्यू ३१२१. डावीकडे नाव आणि हुद्दा, मध्ये कृत्याचे वर्णन, उजवीकडे शिफारस करणाऱ्यांच्या सह्या आणि सन्मानाचा रकाना. हा कागद बटालियनकडून ब्रिगेडकडे, तिथून डिव्हिजन, कोअर आणि आर्मीकडे चढत जाई. प्रत्येक पायरीवरचा अधिकारी सही करी, आणि त्याला वाटल्यास सन्मान बदलून लिही.

सन्मानाच्या रकान्यात टंकलेली अक्षरे होती आणि त्यांवर शाईची एक तिरकी रेघ. रेघेखालचे शब्द स्वच्छ वाचता येत होते. ते 'व्हिक्टोरिया क्रॉस' नव्हते.

ते 'इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट' होते. त्यांच्याखाली हाताने लिहिले होते, आयडीएसएम.

म्हणजे घरातली कथा निम्मी खरी. पायरी उतरवली गेली हे खरे. पण उतरण वरून दुसऱ्या पायरीपासून सुरू झाली होती. हा ऑर्डर ऑफ मेरिट काही लहान सन्मान नव्हता. ईस्ट इंडिया कंपनीने तो १८३७ साली सुरू केला. व्हिक्टोरिया क्रॉस हिंदी सैनिकांना खुला झाला तो १९११ साली. तोवरची सात दशके हिंदी सैनिकाला मिळू शकणारा हाच सर्वोच्च शौर्यसन्मान होता, आणि त्याबरोबर भत्ताही मिळे. कोरडवाहू शेतीवर जगणाऱ्या घरात भत्त्याला काय अर्थ होता हे मी नव्याने सांगायला नको.

रेघ कोणी ओढली आणि का, हे मात्र कागद सांगत नाही. त्या नमुन्यात कारण लिहायची जागाच नाही. मला प्रथम राग आला. नंतर अभ्यासकाची सवय आड आली. वरच्या टेबलावर त्या आठवड्यात असे किती कागद आले असतील, त्यांत तुलना करणे हेच त्या अधिकाऱ्याचे काम होते. शिवाय पराक्रम पाहणारा आणि तो इंग्रजीत नीट लिहिणारा कोणी जिवंत उरणे, यावरही पदकाची पायरी ठरत असे. अन्याय झाला असेल. पण 'असेल' या शब्दावर अर्ज उभा राहत नाही.

मग अर्ज कोणाकडे करायचा? इथे खरी अडचण आहे. स्वतंत्र भारताने परमवीर चक्र, महावीर चक्र आणि वीर चक्र हे सन्मान २६ जानेवारी १९५० रोजी स्थापन केले आणि ते १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू केले. एप्रिल १९४५ त्या तारखेच्या अलीकडे राहते. ब्रिटनने दुसऱ्या महायुद्धाच्या शौर्यपदकांचे दप्तर युद्धानंतरच्या काही वर्षांतच, राजे सहावे जॉर्ज यांच्या निर्णयाने, बंद केले. ज्या राज्याने पदक दिले त्याने दार लावले, आणि ज्या राज्याचे आम्ही नागरिक आहोत त्याचे दार तेव्हा बांधलेलेच नव्हते.

हे दार किती घट्ट आहे, त्याचे उदाहरण योगायोगाने त्याच सोमवारचे आहे. ९ एप्रिल १९४५ रोजी जर्मनीत, ओल्डेनबुर्गच्या परिसरात, एसएएसचे लेफ्टनंट कर्नल ब्लेअर मेन यांनी भर गोळीबारात आपल्या जखमी सैनिकांना बाहेर काढले. त्यांची शिफारस व्हिक्टोरिया क्रॉससाठी झाली. वर जाता जाता ती उतरली आणि त्यांना डीएसओ हा सन्मान चौथ्यांदा मिळाला. मेन १९५५ साली मोटार अपघातात गेले. २००५ साली शंभराहून अधिक ब्रिटिश खासदारांनी त्यांच्यासाठी प्रस्तावावर सह्या केल्या. सरकारने नकार दिला. कारण साधारण असे, की तेव्हाच्या अधिकाऱ्यांपुढे सगळी माहिती होती, आज आपण त्यांच्या जागी बसू शकत नाही. मेन यांच्यासारख्या नामवंतासाठी ही स्थिती, तर माणदेशातल्या एका नाईकाचे काय?

तरी दारे उघडतातही. मेनच्या दिवसानंतर बाराच दिवसांनी, २१ एप्रिल १९४५ रोजी, इटलीतच जपानी वंशाचे अमेरिकन अधिकारी डॅनियल इनौये यांनी असाच पराक्रम केला आणि त्यात उजवा हात गमावला. त्यांना दुसऱ्या क्रमांकाचा सन्मान मिळाला. पुढे अमेरिकेने आशियाई वंशाच्या सैनिकांच्या नोंदी पुन्हा तपासल्या, आणि २००० साली २२ जणांना सर्वोच्च 'मेडल ऑफ ऑनर' दिले. इनौये तेव्हा हयात होते. बहुतेक जण नव्हते. ऑस्ट्रेलियाने १९४२ साली बुडत्या जहाजावर तोफ चालवत राहिलेल्या अठरा वर्षांच्या टेडी शीनला २०२० साली व्हिक्टोरिया क्रॉस दिला, तोही आधी एकदा नकार देऊन. या दोन्ही देशांनी एका माणसाची कैफियत ऐकण्याआधी, ती ऐकण्याची यंत्रणा उभारली होती. अमेरिकेने तर एका समूहावरच अन्याय झाला का, हा प्रश्न विचारला. ब्रिटिश हिंदी सैन्याविषयी हा प्रश्न कोणी विचारायचा, हेच ठरलेले नाही. मला वाटते, मागणी करायची तर पणजोबांच्या पदकाची नव्हे, या तपासणीची करावी.

दिवाळीच्या सुट्टीत मी ती प्रत घेऊन गावी गेले. क्रॉस नव्हता हे आजोबांना कसे सांगावे, याची जुळवाजुळव एसटीत बसल्यापासून चालली होती. ओसरीवर बसून मी मधल्या रकान्यातील मजकूर मराठीत वाचून दाखवला. नाईक, पहिली मराठा. रात्री नदी ओलांडून तीन वेळा दारूगोळा पलीकडच्या बांधावर नेला. तिसऱ्या खेपेस मांडीत गोळी लागली तरी पेटी सोडली नाही. पहिल्या दोन खेपांत त्यांच्याबरोबर असलेला 'दुसरा एक शिपाई' दुसऱ्या खेपेत परतताना मारला गेला.

मग मी रेघेविषयी सांगितले. आजोबा काही बोलले नाहीत. पदक त्यांच्या मुठीत होते. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारले, "त्या दुसऱ्याचं नाव काय?"

"कागदावर नाही, आजोबा."

"आबा रात्री झोपंत कुणाला तरी हाक मारायचे. आई म्हणायची, भाऊबंदातला असंल कुणी." ते थांबले. "आबांचा अर्ज राहू दे. त्याचं नाव काढ आधी."

इटलीत पडलेल्या हिंदी सैनिकांच्या नोंदी राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या यादीत आहेत. ज्यांचे दहन झाले त्यांची नावे दहनस्मारकांवर कोरलेली आहेत, ज्यांची समाधी सापडत नाही त्यांची कासिनो येथील स्मारकावर. यादीत बटालियन आणि मृत्यूची तारीख यांवरून शोध घेता येतो. अनेक नोंदींत वडिलांचे नाव आणि गावही आहे, रोमन लिपीत, कारकुनाला जसे ऐकू आले तसे. पहिली बटालियन, ९ आणि १० एप्रिल १९४५, एवढी नावे मी वहीत उतरवून घेतली आहेत. गावांची स्पेलिंगे एकेक करून सोडवते आहे. दोन गावे आमच्याच तालुक्याच्या आसपासची वाटतात. त्यांपैकी पहिल्या गावी आजोबांना घेऊन पुढच्या रविवारी जाणार आहे.