फूल आमचं, तोंड रस्त्याकडे

गॅलरीत सूर्यफूल लावायचं मनात असेल तर एक गोष्ट आधीच ऐकून ठेवा. ते तुमच्याकडे बघणार नाही. रील्समध्ये असतं तसं सोफ्याकडे तोंड करून हसणारं फूल वगैरे काही मिळत नाही. डोंबिवलीत टिळकनगरला दुसऱ्या मजल्यावर आमचं घर आहे, गॅलरी पूर्वेला. तिन्ही फुलं ग्रिलमधून माना बाहेर काढून उभी राहिली. समोरच्या बिल्डिंगमधल्या आजींना पाकळ्या, आम्हाला हिरवी पाठ.

कोवळं असताना रोप दिवसभर सूर्यामागे वळतं आणि रात्रीतून परत पूर्वेकडे येतं. फूल पूर्ण उमललं की वळणं थांबतं, तोंड पूर्वेलाच राहतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या संशोधकांचा यावरचा अभ्यास २०१६ साली आला. त्यांनी काही कुंड्या मुद्दाम पश्चिमेकडे फिरवल्या होत्या. पूर्वेकडे बघणारी फुलं सकाळी लवकर तापतात आणि त्यांच्यावर पाचपट जास्त मधमाश्या येतात, असं त्यांना दिसलं. मी हे बाबांना मोबाइलवरून वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मधमाशीला थंडी वाजती सकाळी. त्याला काय अमेरिकेला जावं लागतंय?"

बाबा लातूर जिल्ह्यातले, औसा तालुक्यातले. नोकरीसाठी डोंबिवलीला आले त्याला पस्तीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत शेतीबद्दल चार वाक्यं बोलले असतील. रिटायर झाल्यावर गेल्या ऑक्टोबरमध्ये, पाऊस पूर्ण गेल्यावर, त्यांनी रंगाच्या तीन रिकाम्या बादल्यांना खालून भोकं पाडली आणि गावाहून आणलेलं बी थेट त्यातच टोचलं, बोटाच्या एका पेराइतकं खोल. आधी छोट्या कुंडीत रोप करून मग हलवू, असं मी म्हटलं होतं. त्यांनी मानच हलवली. सोटमूळ सरळ खाली जातं, ते दुखावलं की झाड खुरटतं. खरं तर सूर्यफुलाला सहा तास तरी ऊन हवं. आमच्याकडे साडेचार तास येतं. त्यामुळे खोडं बारीक आणि उंच झाली, बांबूच्या काठ्या बांधाव्या लागल्या. पानांखाली मावा आला, तो आईने साबणाच्या पाण्याने पुसला. औषध मारू दिलं नाही बाबांनी. फुलोऱ्यात औषध मारलं तर माश्या मरतात.

पण माश्या आल्याच नाहीत. दोन दिवसांत एकच दिसली. मग एके सकाळी बाबा आईच्या जुन्या मलमलच्या ओढणीचा तुकडा हाताला गुंडाळून गॅलरीत गेले. ग्रिलमधून हात बाहेर काढला, कोपरात वाकवून फुलाच्या तोंडावर आणला आणि हलकेच फिरवला. वासराच्या कपाळावरून फिरवतात तसा. मग दुसऱ्या फुलावर, मग तिसऱ्या. एका झाडाचा पराग दुसऱ्याला लागला तर दाणा नीट भरतो, नाहीतर टरफल पोकळ राहतं. सूर्यफुलात मधोमध दिसते ती चकती म्हणजे शेकडो बारीक फुलं, कडेकडून आत उमलत जाणारी. म्हणून एकदा हात फिरवून भागत नाही. एक दिवस आड, सकाळी अकराच्या आत, आठ-दहा दिवस. शेतकऱ्यांना कृषी विद्यापीठं हेच सांगतात. त्या दिवसांत बाबांची भाषा हळूहळू औशाची होत गेली. लहानपणी पोपट राखायला गोफण घेऊन उभं राहायचं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. "समद्या गावानं लावलं तर पाखरं वाटून जात्यात. एकट्यानं लावलं की समदी त्याच्याच रानात." मग एकेकाने सोडलं. आता तिथे सोयाबीन आहे.

हे बी मुळात आलं कुठून, तर तेलाचं पीक म्हणून भारतात सूर्यफूल रुजलं ते १९६९ साली सोव्हिएत रशियातून आणलेल्या वाणांमुळे. आज आपल्या पिशवीतलं सूर्यफुलाचं तेल बरंचसं रशिया आणि युक्रेनहूनच येतं. २०२२ मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा आमच्या कढईतलं तेल महागलं. बी तिकडून, तेलही तिकडून, आणि मधली काही वर्षं आमच्या आजोबांचं रान.

नोव्हेंबरमध्ये सोसायटीची रिडेव्हलपमेंटची मीटिंग झाली. बावीस फ्लॅटपैकी एकवीस जणांच्या सह्या झाल्या, बाबांची राहिली. लोकांना वाटलं म्हातारा चटईक्षेत्र वाढवून मागतोय. बाबांनी नकाशा उलटा-सुलटा करून एकच विचारलं, "गॅलरी कुठाय?" नव्या प्लॅनमध्ये गॅलरी नव्हती, ती हॉलमध्ये घेतली होती. हॉल मोठा मिळतो, यावर सगळे खूश होते. आईसुद्धा. तिच्या जागी मीही खूश झाले असते. पावसाळ्यात भिंतीला लागलेली ओल वीस वर्षं तिनेच पुसलीय. मागच्या रांगेतून कोणीतरी हसलं. बाबा खाली बसले.

जानेवारीत फुलांच्या पाठी लिंबासारख्या पिवळ्या झाल्या. काढणीची खूण तीच, आणि ती आम्हाला घरात बसून दिसत होती, हा पाठमोऱ्या फुलाचा एकमेव फायदा. पण ते पोपटांनाही कळलं. बाबा पहाटेपासून थाळी वाजवायला लागले, तेव्हा पाकळ्यांचं कौतुक करणाऱ्या आजींनीच तक्रार केली. एक फूल गेलं. उरलेल्या दोनांचे दाणे आईने किचनच्या काट्यावर मोजले, ऐंशी ग्रॅम. बाबांनी ते सुकवून डब्यात भरले, वर कडुनिंबाचा पाला टाकला आणि त्याच संध्याकाळी जाऊन सही करून आले. का केली, ते सांगितलं नाही. आईनेही विचारलं नाही.

आता आम्ही भाड्याचं घर शोधतोय. बाबांनी माझ्याकडून मोबाइलमध्ये होकायंत्राचं ॲप घालून घेतलंय. परवा मानपाडा रोडला एक फ्लॅट पाहिला. ब्रोकर डिपॉझिट, लिफ्ट, पाण्याची वेळ, सगळं सांगत होता. बाबा खिडकीशी मोबाइल आडवा धरून उभे होते. "समोरच्या प्लॉटवर काय येणाराय?" त्यांनी विचारलं. ब्रोकर म्हणाला, "टॉवर. तेवीस मजली." आणि मग माझ्याकडे बघून, "काकांना वास्तूचं बघायचंय का?"