जुहूच्या वाळूवरील निळे पाहुणे

समुद्र पाहावा तर पावसाळ्यात! एका हाताने छत्री सावरीत आणि दुसऱ्या हाताने भाजलेले कणीस खात जुहूच्या किनाऱ्यावर हिंडण्याची मौज काही निराळीच. पण याच दिवसांत नैर्ऋत्येचा वारा एका निळ्या पाहुण्याला किनाऱ्यावर आणून टाकतो. गेल्या ऑगस्टात ओहोटीच्या वेळी मी तेथे गेलो, तेव्हा निळसर, पारदर्शक फुगे वाळूवर जागोजागी पडले होते. सहा-सात वर्षांचा एक मुलगा त्यांतला एक उचलायला वाकला.

"अरे, हात लावू नकोस!" मी ओरडलो.

"अहो, पण मेलंय ना ते?" त्याच्या आईने विचारले.

प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर या प्राण्याच्या शिकारीच्या रीतीत आहे.

लोक याला ब्ल्यू बॉटल म्हणतात, शास्त्रज्ञ फायसॅलिया. हा जेलीफिशचा नातलग. पण जेलीफिश नव्हे. किंबहुना हा एक प्राणीच नव्हे, ते एक एकत्र कुटुंब आहे! एकाच अंड्यातून निघालेले आणि कळ्यांप्रमाणे फुटत गेलेले अनेक जीव येथे जोडून राहतात. एकाने फुगा होऊन तरंगायचे, काहींनी वंश वाढवायचा, काहींनी अन्न पचवायचे आणि काहींनी शिकार धरायची. चूल एकच, पचलेले अन्न सर्वांना पोचते. वेगळे बिऱ्हाड थाटण्याची सोय मात्र कुणालाच नाही.

शिकारीचे काम फुग्याखाली लोंबणाऱ्या दोऱ्यांचे. मोठ्या प्राण्याचे दोरे ३० मीटरपर्यंतही लांब असतात. त्यांवर असंख्य दंशपेशी. प्रत्येक पेशीत एक सूक्ष्म कुपी, कुपीत विष आणि गुंडाळून ठेवलेली पोकळ नळी. लहानसा मासा दोऱ्याला घासला, की कुपीचे झाकण उघडते आणि हातमोजा उलटा करावा तशी नळी बाहेर फेकली जाऊन माशाच्या अंगात रुतते. हायड्रा या गोड्या पाण्यातील नातलगावर शास्त्रज्ञांनी मोजमाप केले आहे. कुपीतील दाब हवेच्या दाबाच्या सुमारे १५० पट, आणि पहिला फटका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी वेळात! मासा लुळा पडतो, दोरा आखडतो आणि घास वर पचवणाऱ्यांच्या तोंडी जातो. उडालेली कुपी पुन्हा कामाची नसते. तिच्या जागी नवी तयार होते.

गंमत अशी, की यासाठी कुणाचा हुकूम लागत नाही. पेशी आपली आपण उडते. म्हणूनच फुगा मेला, दोरा तुटला, तरी दंश शिल्लक राहतो. हेच मी त्या बाईंना सांगितले, आणि त्यांनी मुलाचा हात घट्ट धरला.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या किनाऱ्यांवर पुष्कळांना असे दंश झाले होते. दंश झालाच तर जागा चोळू नये. समुद्राच्याच पाण्याने धुवावी, चिकटलेले दोरे चिमट्याने काढावेत आणि सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग वीसेक मिनिटे ठेवावा. श्वास जड झाला तर तडक डॉक्टर गाठावा.

मुलांना हा पाहुणा अवश्य दाखवा. पण दोन पावले दुरून. त्याला दुष्ट म्हणू नका. त्याला ना डोळे, ना मेंदू. वारा नेईल तिकडे तो जातो, आणि दोऱ्याला लागेल त्यावर सारे कुटुंब जेवते.