काचेच्या जमिनीवर

बडोद्यास रविवारी सकाळी मांडवीपाशी आलो, की आमची पावले आपसूक मध्यवर्ती ग्रंथालयाकडे वळतात. महाराज सयाजीरावांनी बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाच्या साहाय्याने १९१० साली ही संस्था उभी केली. १९३१ पासून ती सध्याच्या वास्तूत आहे.

येथील ग्रंथभांडारात मजल्यांची जमीन जाड काचेची आहे. वरचा उजेड खालच्या कपाटांपर्यंत झिरपावा म्हणून. बालपणी वडिलांसमवेत प्रथम आलो, तेव्हा त्या काचेवर पाऊल टाकण्याचा आम्हांला धीर होईना. वडील म्हणाले, "अरे, इतक्या ग्रंथांत तुझाच भार जड होईल होय?" वाचनाचा छंद जडला तो त्याच दिवशी.

ज्या संस्थानाने १९०६ साली प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले, त्याच भूमीत आम्ही मुख्याध्यापक झालो, याचा अभिमान वाटतो. परंतु सारा आठवडा तक्ते आणि अहवाल भरण्यात सरतो. वर्गावर जाऊन एखादी कविता शिकवावी, तोवर घंटा होते. आणि घरी नातू गुजरातीत गोष्टी वाचतो.

गेल्या रविवारी त्याला तेथे नेले. तो काचेवर बेधडक चालू लागला. चष्म्यातून खालचा मजला दिसताच थबकलो ते आम्हीच. "आजोबा, माझा हात धरा ना!" आम्ही तो धरला.

पुढे एका मराठी ग्रंथाचे नाव त्याने अक्षर लावून वाचले. दोन ठिकाणी चुकला. चुका सुधारण्यात हयात घालविलेले आम्ही त्या दिवशी मात्र गप्प राहिलो.