अर्ध्या सेकंदाचं मागणं

क्रिकोफॅरिंजिअस यास,



आधी तुझा पत्ता लिहिते, कारण तू आपल्याच गळ्यात राहतोस याची हे पत्र वाचणाऱ्या बहुतेकांना कल्पना नसेल. कंठमण्यावरून बोट खाली सरकवलं की एक कडक कडं हाताला लागतं. ती क्रिकॉइड कूर्चा. तिच्या एका बाजूला सुरू होऊन, घशाच्या मागून वळसा घेऊन तू, स्नायूचा एक पट्टा, दुसऱ्या बाजूला चिकटतोस. तुझ्या वर घसा, खाली अन्ननलिका. एरवी तू आवळलेलाच असतोस. म्हणून श्वास घेताना हवा पोटात शिरत नाही आणि पोटातलं आंबट घशापर्यंत चढत नाही. घास आला की साधारण अर्धा सेकंद तू सैल होतोस. त्याच वेळी स्वरयंत्र वर आणि पुढे उचललं जातं, त्या ओढीने तुझा पट्टा उघडतो, घास खाली उतरतो आणि तू पुन्हा मिटतोस. दिवसातून हे शेकडो वेळा होतं. घास नसला तरी लाळ असतेच.

त्या अर्ध्या सेकंदासाठी हे पत्र आहे.

वय वाढतं तसा काही माणसांत तू बदलतोस. तुझ्या तंतूंत चिवट, न ताणली जाणारी ऊतक वाढते. मेंदूकडून सैल होण्याचा निरोप येतो, तू सैल होतोसही, पण पुरेसा उघडत नाहीस. सिडनीच्या इयान कुक आणि सहकाऱ्यांनी 1992 साली घशातला दाब आणि क्ष-किरणांची हलती चित्रं एकाच वेळी नोंदवून हे दाखवलं. वाट अरुंद राहिली की घासाला मागून जास्त जोर लावावा लागतो आणि तो दाब घशाच्या मागच्या भिंतीवर येतो. या भिंतीत तुझ्या लगेच वर एक कमकुवत जागा आहे. तिथे वरच्या स्नायूचे तंतू तिरके जातात, तुझे आडवे. त्यांच्या मधल्या त्रिकोणाला जर्मन घसातज्ज्ञ गुस्ताव किलियान यांचं नाव आहे. सायकलच्या टायरला चीर पडली की आतली ट्यूब तिथूनच फुगून बाहेर येते, तसं घशाचं आतलं अस्तर या त्रिकोणातून मागे ढकललं जातं. वर्षानुवर्षं फुगत त्याची पिशवी होते, बहुधा डावीकडे झुकलेली. तिच्यात भात साठतो, पाणी साठतं, औषधाच्या गोळ्या साठतात.

या पिशवीची पहिली ओळख जगाला झाली तीही एका पत्रातूनच. ब्रिस्टलचे शल्यविशारद लडलो यांनी लंडनच्या विल्यम हंटर यांना 1764 साली कळवलं, की गिळता न येणाऱ्या एका रुग्णाच्या घशात त्यांना पिशवी सापडली आहे. पुढे 1877 साली एर्लांगेनचे फ्रिडरिख आल्बर्ट त्सेंकर यांनी फॉन त्सीमसेन यांच्यासह अशा रुग्णांची माहिती एकत्र मांडली आणि पिशवीला त्सेंकरचं नाव पडलं. नाव पिशवीला मिळालं, बघणाऱ्यांचं लक्षही तिच्याकडेच गेलं. कित्येक दशकं शल्यविशारद ती कापून टाकत किंवा शिवून वर टांगत, आणि तुला हात न लावता गळा बंद करत. काहींची पिशवी परत यायची. यायचीच, तिला जन्म देणारा दाब तिथेच होता.

तू पिशवीशिवायही छळतोस. पक्षाघात मेंदूच्या देठात झाला तर तुला सैल होण्याचा निरोपच पोचत नाही आणि माणसाला स्वतःची लाळ थुंकत बसावं लागतं. 1951 साली कॅप्लान यांनी पोलिओनंतर गिळणं बंद पडलेल्या रुग्णावर शस्त्रक्रिया केल्याचं नोंदवलं, त्याच्या घशात कुठलीही पिशवी नव्हती. त्यांनी फक्त तुला छेद दिला.

आता आमच्या घरात तू काय केलंस ते लिहिते. माझे मोठे काका, पंच्याहत्तरी उलटलेले, जेवताना खाकरू लागले. पोळी सोडली, मग भाजीतले तुकडे सोडले, मग वरणभातावर आले. रात्री आडवे झाले की ठसका. सकाळी उशीवर आदल्या रात्रीची शितं. घरात सगळे म्हणाले, पित्त. दवाखान्यातून पित्ताच्या गोळ्या आल्या. फरक पडेना तेव्हा म्हणाले, वय. या दोन शब्दांत आपल्याकडची किती म्हातारी माणसं अडकून पडली असतील, याचा विचार केला की मला चैन पडत नाही. खरं तर शितांनीच उत्तर दिलं होतं. पित्ताने वर आलेलं आंबट-कडू लागतं. काकांना आलेलं अन्न बेचव होतं, जसंच्या तसं होतं, कारण ते जठरापर्यंत पोचलंच नव्हतं. एकदा चूळ भरताना रक्तदाबाची गोळी अख्खी बाहेर पडली. रक्तदाब औषधाला का जुमानत नाही, हे त्या दिवशी कळलं.

त्याहून वाईट ते पंगतीचं. काका लग्नाला जायचे, आहेर द्यायचे आणि पानं मांडायच्या आत निघायचे. माणूस आपल्या माणसांत बसून चार घास खातो, आग्रह करतो, करून घेतो. ते सगळं तू काढून घेतलंस. स्वयंपाकघरात पाठ फिरवून, प्रत्येक घासावर दोनदा गिळत ते पाऊण तास जेवायचे आणि विचारलं तर म्हणायचे, मला आताशा भूक नसते. भूक होती. वजन उतरत होतं ते भूक मेल्यामुळे नाही, भीतीमुळे. भीतीला कारणही होतं: साठलेलं अन्न झोपेत श्वासनलिकेत उतरलं की फुप्फुसाला सूज येते, आणि त्या वयात ती जीव घेऊ शकते.

तुझा तपास सोपा आहे, हे मला ओरडून सांगावंसं वाटतं. बेरियमचं पांढरं पाणी घोट घोट प्यायला देतात आणि गिळतानाची क्ष-किरण चित्रं घेतात. पिशवी असेल तर ती भरताना दिसते. नसली तरी पाण्याच्या धारेत मागून आत घुसलेला तुझा आडवा बांध दिसतो. अशी शंका असेल तर हे चित्र दुर्बिणीच्या तपासाआधी काढलेलं बरं, कारण दुर्बीण किंवा नाकातून घालायची नळी वाट चुकून पिशवीत शिरली तर तिला भोक पडू शकतं. गिळायला त्रास म्हणजे कर्करोग, ही धास्ती आपल्या तंबाखूच्या मुलखात खोटी नाही, आणि दुर्बीण टाळावी असं मी म्हणत नाही. कर्करोग नाही असं कळल्यावर सुटकेचा श्वास टाकून शोध तिथेच थांबवतात, ते मात्र थांबायला हवं.

उपाय तुझ्यावरच आहे. पिशवी आणि अन्ननलिका यांच्यामधल्या भिंतीत तू असतोस. ती भिंत कापली की दोन्ही पोकळ्या एक होतात. बॉस्टनच्या मोशर यांनी 1917 साली तोंडातून हे केलं, पण छातीत जंतुसंसर्ग होऊन रुग्ण दगावला आणि त्यांनी ते सोडून दिलं. 1960 मध्ये स्वीडनच्या डोहलमन यांनी विजेच्या चटक्याने भिंत कापण्याची पद्धत मांडली. 1993 पासून एकाच वेळी कापणारं आणि टाके घालणारं स्टेपलर यंत्र आलं. आता लवचीक दुर्बिणीतूनही हे होतं, मान मागे न वाकणाऱ्या वृद्धांना तिचा फार आधार. पिशवी नसेल तर फुग्याने तुला ताणतात किंवा बोटॉक्स टोचून काही महिने ढिला करतात. हेच बोटॉक्स जन्मात कधी ढेकर न दिलेल्या माणसांना दिलं आणि त्यांना ढेकर येऊ लागली, असं अमेरिकेतल्या बास्टियन यांनी 2019 साली प्रसिद्ध केलं. घास खाली जाताना असो की हवा वर येताना, अडवणारा तूच.

काकांच्या गळ्यात तुला छेद देऊन झाला. त्यांच्या पिशवीचा खळगा चित्रात अजून दिसतो, पण त्यात पडलेलं तिथे थांबत नाही, सरळ खाली उतरतं. गेल्या महिन्यात नातीच्या बारशाला ते पहिल्या पंगतीला बसले आणि वाढप्याला जिलबी परत फिरवू दिली नाही. कापलेल्या कडा काही जणांत वर्षांनी पुन्हा जुळतात, असं डॉक्टरांनी आम्हाला सांगून ठेवलं आहे. तसं झालं तर पुन्हा बेरियम पाजू आणि पुन्हा तुझ्यापाशी येऊ. या वेळी पित्ताच्या गोळ्यांत महिने घालवणार नाही.

कळावे,

जिच्याही गळ्यात तू आहेस, अशी एक पुतणी