नहर आणि नेटकॅट

मलिक अंबरने वसवलेल्या खडकीत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, नहर-ए-अंबरीचे पाणी मोटेविना, जमिनीखालून उताराने येई. 1990 च्या दशकातील ‘नेटकॅट’ हे आज्ञा टंकून चालवायचे साधनही तितकेच साधे आहे, कारण एक संगणक पोर्टवर, म्हणजे क्रमांक दिलेल्या दारावर, कान देऊन बसतो आणि दुसरा त्याच दारात फाइलचे बाइट ओततो. फाइलचे नाव वा ती पूर्ण पोचल्याची पावती ते स्वतःहून देत नाही (हा त्याचा उणेपणा की संयम, हे वापरणाऱ्याने ठरवावे), आणि मजकूर सांकेतिक न होता उघडाच जातो. म्हणून प्रयोगशाळेच्या अंतर्गत जाळ्यात ते शोभते. बाहेर मात्र, 1995 मध्ये फिनलंडमध्ये जन्मलेल्या एसएसएच या सुरक्षित संपर्क-पद्धतीच्या आधाराने सारे कुलूपबंद नेणारी ‘एससीपी’ ही आज्ञा बरी.